निर्णयसागरच्या जुन्या टाइपावरून युनिकोड फॉन्ट करताना छापील पानाचे किती ऐकावे?

जुनेपान

नमस्कार. मी साताऱ्यात पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. गेल्या पावसाळ्यात एका वाड्यातली जुनी पुस्तके रद्दीत जाण्याआधी चाळायला मिळाली आणि त्यांत निर्णयसागर छापखान्याने काढलेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत काव्यांच्या मालेचा एक सुटा भाग हाती लागला. मुखपृष्ठावर १८९६ हे साल आहे. कडा वाळवीने खाल्ल्या असल्या तरी मजकूर शाबूत आहे. ते पुस्तक उघडल्यापासून माझ्या रोजच्या कामातले फॉन्ट मला अपुरे वाटू लागले आहेत. त्या पानावर काना भक्कम आहे, गाठी भरीव आहेत, शिरोरेखा कान्याहून थोडी बारीक आहे, आणि जोडाक्षरे एकाखाली एक अशी बसवली आहेत की ओळ दाट असूनही प्रत्येक शब्द सुटा वाचता येतो.

जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत हा छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांमुळे त्याच्या टाइपाला नाव मिळाले, एवढा इतिहास मला ठाऊक आहे. माझी इच्छा अशी की त्या टाइपावरून मराठी आणि संस्कृत अशा दोन्ही मजकुरांना पुरेल असा युनिकोड फॉन्ट तयार करावा आणि तो सर्वांना मुक्तपणे वापरता यावा. सुरुवात म्हणून मूळ श्लोकांची काही पाने मी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली. टीकेचा, म्हणजे श्लोकांवरच्या स्पष्टीकरणाचा, टाइप लहान असल्यामुळे तो बाजूला ठेवला आणि श्लोकांच्या मोठ्या टाइपातली अक्षरे संगणकाकडून आपोआप गिरवून घेतली. जे हाती आले ते पाहून मन खट्टू झाले. एकट्या ‘ग’च्या बाह्यरेषेवर शंभराहून अधिक बिंदू पडले आहेत. कान्याची एक कड फुगीर आहे, दुसरी आत गेलेली आहे, आणि असे दहा ‘ग’ एकमेकांशेजारी ठेवले तर दहाही वेगळे दिसतात. यांतला खरा ‘ग’ कोणता मानावा?

दुसरी अडचण जोडणीची आहे. मूळ पानावर शिरोरेखा अक्षराअक्षरांत तुटलेली दिसते, पहिल्या वेलांटीचे टोक रुंद अक्षराच्या काठीपर्यंत पोचत नाही, काही ठिकाणी रफार पुढच्या अक्षराकडे झुकलेला आहे. यांतले काय त्या टाइपाचे रूप म्हणून जपायचे आणि काय दोष म्हणून दुरुस्त करायचे, याचा निर्णय मला एकटीला करवत नाही. ज्यांनी खिळ्यांचे, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचे, काम पाहिले आहे किंवा फॉन्ट घडवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खिळेजुळणी

तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी वयाच्या सतराव्या वर्षी छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो आणि ऑफसेट येऊन आमचे खाते बंद होईपर्यंत खिळेच जुळवले, तेव्हा जे हाताला ठाऊक आहे ते सांगतो.

खरा ‘ग’ कोणता, हे ठरवण्यापूर्वी पानावर जे दिसते ते किती हातांतून गेले आहे ते लक्षात घ्यायला हवे. कारागीर पोलादाच्या सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरतो, तो पंच. तो पंच तांब्यावर ठोकून मातृका करतात. मातृकेत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा निघतो. खिळ्यावर शाई लागते, त्यावर कागद दाबला जातो, आणि दाबाने शाई अक्षराच्या कडेबाहेर थोडी पसरते. भिंग घेऊन पाहा, अक्षराच्या कडेने शाईची एक गडद किनार दिसेल आणि आतला भाग तिच्याहून फिका असेल. ही किनार म्हणजे बाहेर ढकललेली शाई. खिळ्याची खरी कड तिच्या आत असते. कागद ओलावून छापला असेल तर सुकताना तो किंचित आकसतो, म्हणजे उंचीही धातूच्या मापाची राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी संगणकावर बसून कळणार नाही. केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, सगळे खिळे एकाच वयाचे नसतात. ‘र’, ‘त’, ‘न’ आणि काना हे खिळे प्रत्येक ओळीत लागतात, त्यामुळे ते आधी झिजतात, त्यांचे माथे बोथट होतात आणि ते जाड उमटतात. ‘झ’, ‘ङ’ किंवा ‘ठ’ यांचे खिळे खणात पडून असतात. ते वर्षानुवर्षे धारदार राहतात आणि बारीक उमटतात. मधेच फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यातून, नवे ‘त’ आले तर ते जुन्या ‘त’मध्ये मिसळतात. म्हणून तुम्हाला एकाच पानावर दहा प्रकारचे ‘ग’ दिसतात. हे न ओळखता जसे दिसते तसे गिरवले, तर नेहमीची अक्षरे ठसठशीत आणि क्वचित लागणारी किडकिडीत असा विषम फॉन्ट तयार होईल. त्यात राणोजींचा हात दिसणार नाही, खिळ्यांची झीज दिसेल. पुस्तकात पानापानावर शोधून त्यातल्या त्यात नवा, कोरी धार असलेला ‘ग’ निवडा. एक पुरेसा नाही, पंधरा-वीस निवडा.

जोडणीबद्दल. मात्रा किंवा वेलांटी जिथे खिळ्याच्या अंगाबाहेर लटकते तिथे ती ठेच लागून तुटते, हा रोजचा अनुभव. अर्धी तुटलेली मात्रा आम्ही खणातून काढून टाकायचो, पण घाईच्या कामात ती राहून जायची. तेव्हा तोकडी मात्रा दिसली की ती मुळातच तशी कोरलेली आहे असे समजू नका. ती दुसऱ्या पानावर शोधा. शिरोरेखेतली फट ही दोन खिळ्यांमधली फट आहे. ती कोणत्याही कारागिराला नको होती, आम्ही ती कमी दिसावी म्हणून फर्मा (जुळवलेल्या पानांची चौकट) कसताना जिवाचे रान करत असू. ती फॉन्टमध्ये आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. तुम्ही मोठा टाइप निवडला आहे तो गिरवायला सोपा म्हणून. पण धातूच्या काळात प्रत्येक आकाराचे पंच वेगळे कोरलेले असत. लहान टाइपात कारागीर अक्षर थोडे रुंद ठेवतो आणि गाठींच्या आतली पोकळी मोठी ठेवतो, कारण शाईने ती बुजण्याचा धोका असतो. मोठ्या टाइपात तो नाजूकपणाकडे जाऊ शकतो. तुमचा फॉन्ट पुस्तकाच्या मजकुरासाठी असेल, तर टीकेचा टाइप घ्या. तो पायका, म्हणजे १२ पॉइंटाच्या आसपासचा असेल. श्लोकांचा टाइप लहान करून वापरला तर तो पानावर बारीक आणि चिमटलेला दिसेल.

जावजी शेठ स्वतः लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली टाइप घासण्याच्या कामाला होते. टाइप घासणे म्हणजे ओतून आलेल्या खिळ्याची खरखर काढून तो चौरस करणे. ज्या माणसाने हे काम हाताने केले आहे त्याच्या छापखान्यातला खिळा असा नीट का, हे मला त्यावरून समजते.

रफार

वरचा प्रतिसाद प्रत्येक फॉन्टकाराने वाचावा असा आहे. मी त्याला तांत्रिक बाजूची जोड देतो.

आधी स्कॅनिंगचा हिशेब. १२ पॉइंट म्हणजे एक षष्ठांश इंच. ६०० डीपीआयला या उंचीत फक्त १०० पिक्सेल बसतात. फॉन्टमध्ये हीच उंची आपण १००० एककांची मानली, तर एक पिक्सेल १० एककांचा होतो, आणि काना व शिरोरेखा यांच्या जाडीतला फरक तेवढ्यातच हरवतो. २४०० डीपीआयला ४०० पिक्सेल मिळतात आणि एक पिक्सेल अडीच एककांवर येतो. तेव्हा निवडलेल्या पानांचे स्कॅनिंग २४०० ला, करड्या छटांमध्ये आणि कोणतीही काटछाट न करणाऱ्या स्वरूपात करावे. काळे-पांढरे स्कॅन केले तर शाईची किनार आणि खिळ्याची कड यांतला भेद यंत्रच पुसून टाकते. आंतरजालावर मिळणाऱ्या पीडीएफवरून मोजमाप करण्याचा मोह टाळावा, कारण त्यांतल्या काहींमध्ये फाइल लहान करताना सारखी दिसणारी अक्षरे ओळखून सगळीकडे एकच नमुना चिकटवलेला असतो. आपल्याला वीस वेगळे ‘त’ मिळाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात तो एकच ‘त’ वीसदा मोजला जातो.

आपोआप गिरवणे पूर्णपणे सोडून द्यावे. निवडलेल्या वीस नमुन्यांवरून कान्याची जाडी, शिरोरेखेची जाडी, गाठीचा व्यास, काठीची उंची यांची मापे काढून त्यांतले मधले माप घ्यावे, नमुने एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवून मागे लावावेत, आणि वर अक्षर स्वतः आखावे. वळणाच्या टोकाच्या जागी बिंदू ठेवले तर ‘ग’ला पंचवीस-तीस बिंदू पुरतात. आखताना बोरूचा काप डोळ्यांसमोर असू द्यावा. देवनागरीचा काप रोमन लेखणीच्या उलट्या कोनात असतो, त्यामुळे कोणती तिरकी रेघ जाड आणि कोणती बारीक हे रोमनची सवय झालेला हात हमखास चुकतो.

शिरोरेखेच्या फटीबद्दल माझे मत वरच्यासारखेच आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा त्याच्या रुंदीबाहेर दहा-वीस एकके दोन्हीकडे सोडतात, म्हणजे शेजारच्या शिरोरेखेवर ती चढते आणि पडद्यावर पांढरी रेघ दिसत नाही. वेलांटीसाठी अक्षराच्या रुंदीनुसार ‘ि’ची पाच-सहा रूपे करावीत आणि योग्य रूप निवडण्याचा नियम ओपनटाइपमध्ये, म्हणजे असे नियम साठवणाऱ्या फॉन्टच्या स्वरूपात, लिहावा. खिळ्यांच्या केसमध्ये एवढ्या वेलांट्यांना खण नव्हते, म्हणून टोक तोकडे राहत असे.

जोडाक्षरांचा प्रश्न आपण विचारला नाही, पण खरे काम तिथेच आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ विभागात १२८ जागा आहेत आणि त्यांत जोडाक्षरे नाहीत. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष असाच साठवला जातो. त्याचे रूप घडवणे ही फॉन्टची जबाबदारी. ओपनटाइपमध्ये त्याचा ठरलेला क्रम आहे: आधी क्ष, ज्ञ यांसारखी अभंग जोडाक्षरे, मग रफार ओळखणे, मग अर्धी रूपे, मग पूर्ण जोडाक्षरे, त्यानंतर वेलांटी-मात्रांची बदलती रूपे, आणि शेवटी वरची-खालची चिन्हे कोणत्या बिंदूवर टेकायची त्याची जागा. हा क्रम उलटा झाला तर ‘र्‍य’ आणि ‘र्य’ यांची गल्लत होते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ यांतला चंद्रकोरीसारखा र मराठीला अत्यावश्यक आहे आणि तो दोन प्रकारे टंकला जातो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही मार्गांनी एकच आकार उमटला पाहिजे.

कोणती जोडाक्षरे करायची याची यादी पुस्तकावरूनच तयार करावी. त्याला पूरक म्हणून आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हा मुक्त फॉन्ट उघडून पाहावा. तो राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर आधारलेला आहे आणि संस्कृतच्या जोडाक्षरांची त्यात चांगली तरतूद आहे. आकार उचलायचे नाहीत, नियम कसे रचले आहेत ते शिकायचे. चाचणीसाठी मी नेहमी हे शब्द ठेवतो: विठ्ठल, तट्टू, वाङ्मय, उद्ध्वस्त, चिह्न आणि चिन्ह, कार्त्स्न्य, धार्ष्ट्य, मार्गीं. ‘तट्टू’त दोन मजली ट्ट च्या खाली दीर्घ उकार येतो आणि तो खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ‘मार्गीं’त वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागेवर हक्क सांगतात. या दोन शब्दांत फॉन्ट टिकला तर बहुतेक ठिकाणी टिकतो.

जुनेपान

दोघांचेही मनापासून आभार. काका (आपण वयाचा उल्लेख केलात म्हणून तसे म्हणते), आपण सांगितल्याप्रमाणे श्लोक सोडून टीकेचा टाइप घेतला आणि आठ पाने २४०० डीपीआयला पुन्हा स्कॅन केली.

चाळीस काने मोजले. सर्वांत बारीक ३३ पिक्सेल आणि सर्वांत जाड ४२ पिक्सेल निघाला. मात्र बहुतेक ३५ ते ३७ यांच्या दरम्यान आहेत. ‘ठ’ पुस्तकभर शोधून अकराच मिळाले आणि त्यांच्या कडा खरोखरच कोऱ्या आहेत. भिंगातून पाहिल्यावर ‘त’च्या डाव्या वळणाच्या टोकाशी एक बारीक चपटा काप दिसला, जो मी आधी शाईचा डाग समजून पुसून टाकला होता. तो वीसपैकी चौदा नमुन्यांत आहे आणि ‘न’ व ‘ल’ यांतही त्याच कोनात आहे. तो बोरूचा काप आहे. कारागिराने पोलादावर कोरतानाही लेखणीचे टोक सोडले नाही, हे पाहून मी बराच वेळ भिंग हातातून खाली ठेवले नाही.

आता नवा पेच. शाईची किनार वगळून आतली कड धरली, तर कान्याची जाडी ३० पिक्सेलच्या आसपास येते. त्या मापाने आखलेला ‘त’ लेझर प्रिंटरवर छापला, तर तो अशक्त दिसतो. मूळ पानाचा भरदारपणा त्यात नाही. किनारीसकट आखला तर कागदावर अगदी पुस्तकासारखा दिसतो. मग खिळ्याशी प्रामाणिक राहायचे की पानाशी?

शिवाय संस्कृत पुस्तकात जे नाहीच, त्याचे काय करायचे? ‘ॲ’, ‘ऑ’, ‘ऱ्ह’, ‘₹’ यांतले काहीही तिथे नाही.

पोथीवाचक

मी संस्कृत आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या संपादनाचे काम करतो. फॉन्ट घडवत नाही, पण दिवसाचे सहा-सात तास अक्षरांवर डोळे ठेवतो. या प्रश्नावर मला ठाम बोलायचे आहे.

पानाशी प्रामाणिक राहावे. शाई पसरणार हे पंच कोरणाऱ्याला ठाऊक होते आणि म्हणूनच त्याने पोलादावर अक्षर बारीक कोरले. वाचकाच्या डोळ्यांसमोर जे यावे असे त्याने ठरवले ते छापील अक्षर, त्यामुळे खिळ्याची आतली कड हे त्याच्या कामातले एक साधन झाले. आजच्या छपाईत शाई तशी पसरत नाही, तेव्हा जी जाडी दाबाने मिळत होती ती आपल्याला आखणीतच द्यावी लागेल. आतल्या कडेवरून फॉन्ट केला, तर कारागिराने गृहीत धरलेला अर्धा भाग आपण वगळला असे होईल. किनारीचा खडबडीतपणा मात्र घेऊ नये. जाडी घ्यावी, कड स्वच्छ ठेवावी आणि आतले कोन शाईने जसे किंचित भरून येतात तसे थोडे मऊ करावेत. आपल्या मापात ३६ पिक्सेल म्हणजे ९० एकके होतात. ती जाडी धरून पुढे जावे.

पडद्यासाठी हीच जाडी जड वाटेल. तिथे दुसरे, थोडे हलके वजन (म्हणजे कमी जाडीचे रूप) करावे, पण पहिले वजन पुस्तकाचेच असावे.

‘रफार’ यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. जोडाक्षरांची यादी केवळ पुस्तकात काय सापडले त्यावरून करू नये, तर ते कसे रचले आहे त्यावरून करावी. निर्णयसागरच्या पानावर द्ध, द्भ, ङ्क, ङ्ग, ह्म, श्च, त्त, न्न ही उभी किंवा मिसळलेली रूपे दिसतात, कारण संस्कृतच्या वाचकाला ती तशीच ओळखायची सवय आहे. ‘पद्म’ किंवा ‘ब्रह्म’ हलन्त लावून फोडले की पाठभेद तपासणारा माणूस प्रत्येक वेळी क्षणभर अडखळतो. जी जोडाक्षरे पुस्तकात नाहीत तीही त्याच रीतीने बसवावीत. ‘विठ्ठल’ हा शब्द टीकेत मिळणार नाही कदाचित, पण ‘ट्ट’ मिळेल. त्यात वरचे अक्षर किती दाबले आहे आणि खालचे किती लहान केले आहे ते मोजून ‘ठ्ठ’ रचावा. पंढरीच्या देवाचे नाव हलन्त लावून छापलेले पाहिले की मला फार वाईट वाटते.

जुन्या मराठीसाठी एक विनंती आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या ग्रंथांचे पुनर्मुद्रण करताना मात्र ‘सर्वांनीं’, ‘धर्मीं’, ‘त्यांनीं’ असे शब्द ओळीओळीला येतात. आजच्या अनेक फॉन्टांत त्यांतला अनुस्वार रफारावर बसतो किंवा वेलांटीच्या पोटात शिरतो. हा तपशील साधला तर संत वाङ्मयाच्या संपादकांसाठी मोठे काम होईल.

‘ॲ’ आणि ‘ऑ’ नव्याने आखावे लागतील. त्यांची अर्धचंद्राची कमान पुस्तकातल्या चंद्रबिंदूच्या कमानीवरून घ्यावी, म्हणजे ती परकी दिसणार नाही. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले, त्याचा ‘र’ आपल्याच ‘र’च्या वळणाने करावा. ‘ल’ आणि ‘श’ यांची जी रूपे पुस्तकात आहेत ती ठेवावीत, आणि राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातली पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे पुस्तकात नसतील तर ती आखून मराठी भाषा निवडली असता आपोआप यावीत अशी सोय करावी. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांवर फार वेळ घालवू नये, कारण ती मुळातच इंग्रजी टाइपाच्या केसमधून उचललेली असत.

रफार

जोडाक्षरांच्या रचनेबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. माझी पद्धत मोजणीची आहे आणि तिच्यात ही उणीव राहते.

अनुस्वाराबद्दल उपाय सांगतो. वेलांटी, रफार आणि अनुस्वार ही तीन चिन्हे सुटी ठेवून जागा देण्यापेक्षा ‘ी’ अधिक रफार, ‘ी’ अधिक रफार अधिक अनुस्वार, ‘े’ अधिक रफार अधिक अनुस्वार अशी जोडरूपे स्वतंत्र आखावीत. अशी दहा-बारा रूपे होतील. टाइपाच्या केसमध्येही रफार-अनुस्वार एकत्र ओतलेला खिळा असे, म्हणजे हा मार्ग नवा नाही. विंडोजसाठी फॉन्टची वरची आणि खालची मर्यादा ठरवताना ‘मार्गीं’ आणि ‘तट्टू’ हीच दोन मापे धरावीत, नाहीतर काही प्रणालींत अनुस्वाराचा माथा कापला जातो.

परवाना आणि नाव यांविषयी थोडक्यात. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स हा फॉन्टांसाठीचा मुक्त परवाना घ्यावा, त्यात इतरांना भर घालता येते आणि फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही. फॉन्टला मात्र छापखान्याचे नाव देऊ नये. जुन्या नावावर कोणाचा व्यापारी हक्क असू शकतो, आणि आपण केलेली आखणी ही अखेर आपली आहे. राणोजी रावजी आरू आणि जावजी दादाजी यांचा उल्लेख फॉन्टच्या माहितीत आणि सोबतच्या टिपणात अवश्य करावा, तसेच कोणत्या पुस्तकाची कोणती पाने आधाराला घेतली तेही लिहावे.

खिळेजुळणी

‘पोथीवाचक’ यांचे म्हणणे मला पटले. मी किनारीच्या आतली कड सांगितली ती झीज ओळखण्यासाठी. जाडी पानाचीच घ्या.

एक सूचना राहिली होती. अक्षरे आखून झाली की सुटी सुटी पाहू नका. पुस्तकातली टीकेची एक पूर्ण ओळ, तेवढ्याच रुंदीत, तुमच्या फॉन्टात जुळवा आणि मूळ ओळीच्या खाली ठेवा. खिळ्याला डाव्या-उजव्या बाजूंनी जे अंग (रिकामी जागा) असते ते कारागिराने अक्षराइतक्याच काळजीने ठरवलेले असते. ओळ लांबली तर तुमचे अंतर सैल आहे, आखडली तर तंग. जुन्या जुळणीत शब्दांमधली जागा स्पेस घालून ओळ भरण्यासाठी कमी-जास्त केलेली असते, म्हणून मोजताना शब्दांमधली जागा सोडून फक्त शब्दांची लांबी मोजा. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांच्यानंतरचा काना नीट पाहा. तिथे दोन काठ्या शेजारी येतात आणि अंतर चुकले की ताबडतोब कळते.

जुनेपान

ओळ लावून पाहिली. टीकेच्या पहिल्या ओळीतले सात शब्द घेतले. माझे पाच शब्द मूळ शब्दांहून लांब निघाले, आणि पाचही शब्दांत ‘ा’ आहे. कान्याच्या उजवीकडे मी जरुरीपेक्षा जास्त अंग सोडले होते. ते १८ एककांनी कमी केल्यावर सातपैकी सहा शब्द जुळले. सातवा ‘गण’ हा शब्द अजून आखूड येतो. ‘ग’ची काठी मोजण्यासाठी उद्या आणखी तीन पाने स्कॅन करते आणि मापांसह इथेच लिहिते. ‘ट्ट’चे चार नमुने मिळाले आहेत. त्यांत खालचा ‘ट’ वरच्याच्या पाऊणपट उंचीचा आहे आणि त्याला स्वतःची शिरोरेखा नाही. त्याच मापाने ‘ठ्ठ’ आखायला घेतला आहे.